तिरकी रेषा कशी शोधावी आणि कशी वापरावी: बेळगाव परिसरातील नवशिक्या छायाचित्रकारांसाठी

येळ्ळूरच्या शिवारात भाताच्या वाफ्यासमोर उभे राहून पलीकडच्या बांधाकडे पाहिले, तर तो बांध चौकटीत आडव्या रेघेसारखा दिसतो. त्याच बांधाच्या टोकाशी जाऊन त्याच्यावरच उभे राहिले, तर तो पायांपासून निघून सरळ वर जाणारी उभी रेघ होतो. या दोन जागांच्या मध्ये, बांधापासून चार पावले बाजूला उभे राहिल्यावर, तोच बांध चौकटीच्या खालच्या कोपऱ्याजवळून आत शिरतो आणि विरुद्ध बाजूला चढत जातो. बांध हललेला नसतो आणि कॅमेराही तोच असतो. चाललेला असतो तो छायाचित्रकार. नव्याने शिकणाऱ्यांना मी सर्वांत आधी हीच गोष्ट करून दाखवतो, कारण तिरकी रेषा दृश्यात आयती मिळावी लागते आणि ती मिळाली नाही तर कॅमेरा वाकडा धरावा लागतो, अशी बहुतेकांची समजूत असते. या लेखातील सर्व पायऱ्या ही समजूत दूर करण्यासाठीच आहेत.

तिरकी रेषा चित्रात काय करते, ते थोडक्यात पाहू. आडव्या रेषेने दृश्य विसावते आणि उभ्या रेषेने ते खंबीर वाटते. तिरकी वस्तू मात्र आपल्या रोजच्या अनुभवात एकतर चढत असते, पडत असते किंवा कोणीतरी तिला टेकवून ठेवलेले असते. भिंतीला लावलेली शिडी किंवा जोखड जमिनीवर टेकवून सोडलेली बैलगाडी पाहताना आपल्याला तिच्यातील वजन आणि ओढ आपोआप जाणवते. हीच ओढ सपाट कागदावरही उतरते. शिवाय जवळून दूर जाणारी तिरकी रेषा चित्राला खोली देते, आणि चौकटीच्या मधून जाणारी तिरकी रेषा दृश्याचे दोन भाग करते. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी १९०७ साली जहाजावर काढलेल्या प्रसिद्ध छायाचित्रात मधोमध तिरका गेलेला पांढरा जोडपूल असाच दोन भाग पाडतो: वरच्या डेकवरील माणसे एकीकडे आणि खालच्या स्वस्त वर्गातील प्रवासी दुसरीकडे.

शब्दांविषयी एक खुलासा करावा लागेल. शाळेच्या भूमितीत चौकोनाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना जोडणाऱ्या रेषेला आपण कर्ण म्हणतो. छायाचित्रणात ‘तिरकी रेषा’ म्हणताना ती कर्णावरच असली पाहिजे असे नाही. जी रेषा चौकटीच्या कोणत्याही बाजूला समांतर नाही आणि जिचा तिरकेपणा सहज डोळ्यांत भरतो, ती आपल्या कामाची.

पहिली पायरी: चौकट ठरवून घ्यावी

मोबाइलच्या कॅमेऱ्यातील सेटिंगमध्ये जाऊन ग्रिड (पडद्यावरच्या मदतीच्या आडव्या-उभ्या रेघा) सुरू करावी आणि पातळी दाखवणारी खूण असल्यास तीही सुरू करावी. त्यानंतर चौकटीचे प्रमाण पाहावे. बहुतेक मोबाइल मूळ छायाचित्र ४:३ या प्रमाणात घेतात, मोठ्या कॅमेऱ्यांचे प्रमाण सहसा ३:२ असते आणि पूर्ण पडदाभर दिसणारे चित्र १६:९ किंवा त्याहून लांबट असते. हा तपशील वरवर क्षुल्लक वाटला तरी तिरक्या रेषेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण प्रमाण बदलले की कर्णाचा चढ बदलतो. आडव्या चौकटीत कर्ण तळाशी करतो तो कोन १६:९ मध्ये सुमारे २९ अंश, ३:२ मध्ये सुमारे ३४ अंश, ४:३ मध्ये सुमारे ३७ अंश आणि चौरसात नेमका ४५ अंश असतो. ४:३ चीच चौकट उभी धरली तर तो सुमारे ५३ अंशांचा होतो. त्यामुळे किल्ल्याचा चढ किंवा देवळाच्या पायऱ्या दाखवायच्या असतील तर उभी चौकट त्यांना अधिक चढण देते, तर पाणंद किंवा शेतवडीचा विस्तार आडव्या चौकटीत शांतपणे पसरतो. मोबाइलवर नेहमी ४:३ प्रमाणातच छायाचित्र घ्यावे, असे माझे मत आहे. पडदाभर दिसणारे चित्र बहुधा त्याच चित्राच्या कडा कापून तयार होते, आणि तसे कापणे घरी बसूनही करता येते.

दुसरी पायरी: आधी सरळ रेषा मोजाव्यात

कॅमेरा खिशात ठेवून दहा मिनिटे फक्त सरळ रेषा शोधाव्यात. बेळगावात त्यांची वाण नाही. कपिलेश्वर तलावाच्या पायऱ्या, उड्डाणपुलाचे कठडे, गणपत गल्लीतील दुकानांच्या पाट्यांची रांग, किल्ल्याच्या खंदकाची कडा आणि टिळकवाडीतील जुन्या घरांवरील कौलांचे उतार, हे सगळे चालता चालता दिसते. गावाबाहेर पडल्यास खानापूरच्या बाजूला कौलारू छपरे आणि कुंपणे, निपाणी-चिकोडीकडे उसाच्या सऱ्या आणि तंबाखूच्या ओळी, बेळगावच्या भोवताली भाताचे बांध. यातील बहुतेक रेषा मुळात आडव्या किंवा उभ्याच आहेत. कौलांचा उतार किंवा शिडी यांसारख्या जन्मतःच तिरक्या रेषा त्या मानाने थोड्या असतात, आणि त्यांच्यावरच अवलंबून राहिल्यास दोन रविवारांत विषय संपतो.

तिसरी पायरी: पाय हलवावेत

ही पायरी सर्वांत लांब आहे, कारण खरे काम इथेच होते.

कोणतीही एक रेषा निवडावी, उदाहरणार्थ तलावाकाठचा कठडा. त्याच्या अगदी समोर उभे राहून पहिले छायाचित्र घ्यावे. मग अर्धवर्तुळात चालत कठड्याच्या टोकाकडे सरकावे आणि दर तीन पावलांनी एक छायाचित्र घ्यावे. कठड्याचे जवळचे टोक हळूहळू मोठे आणि खाली येत जाते, लांबचे टोक लहान होऊन वर सरकते आणि रेषेचा चढ वाढत जातो. अगदी टोकाशी पोहोचल्यावर रेषा जवळजवळ उभी होते आणि ओढ पुन्हा नाहीशी होते. या फेरीत एखादी जागा अशी सापडते की जिथे चढ पुरेसा आहे, पण कठडा अजून कठडा म्हणून ओळखू येतो. ती जागा प्रत्येक दृश्यात वेगळी असते आणि ती पावलांनीच शोधावी लागते.

नवशिके इथे झूमचा आधार घेतात, आणि तिथेच फसतात. जवळच्या आणि दूरच्या वस्तूंच्या आकारांतील फरक, म्हणजेच यथादर्शन, आपण कुठे उभे आहोत यावर ठरते. जागेवरून न हलता झूम केल्यास त्याच दृश्याचा एक तुकडा मोठा होतो, रेषा एकमेकींकडे जास्त झुकत नाहीत. जोरकस तिरकी रेषा हवी असेल तर रुंद लेन्स घेऊन रेषेच्या अगदी जवळ जावे, इतके की तिचे जवळचे टोक हाताच्या अंतरावर येईल. मोबाइलची सर्वांत रुंद लेन्स वापरताना कडेला आलेली माणसे ताणल्यासारखी दिसतात, म्हणून माणूस कडेपासून आत ठेवावा आणि कडेला कठडा, बांध किंवा भिंत येऊ द्यावी. भिंत ताणली गेल्याची तक्रार कोणी करत नाही.

लांब लेन्सचे काम याच्या उलट आहे. राजहंसगडाच्या तटावरून खालच्या शिवाराकडे दुप्पट-तिप्पट झूम करून पाहिल्यास एकामागे एक असलेले बांध जवळ आल्यासारखे दिसतात आणि चार-पाच समांतर तिरक्या पट्ट्यांची नक्षी तयार होते. इथे खोली कमी होते आणि ताल वाढतो. रोपलावणीच्या दिवसांत काही वाफे पाण्याने भरलेले आणि काही हिरवे असतात, तेव्हा हे दृश्य विशेष उठून दिसते.

डाव्या-उजव्या बाजूंइतकीच उंचीही बदलून पाहावी. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घेतलेली छायाचित्रे एकसारखी होतात, कारण सगळेच तिथून पाहतात. गुडघ्यावर बसल्यास जमिनीवरची रेषा चपटी होते, पण तिचे जवळचे टोक प्रचंड होते. मोबाइल उलटा धरल्यास लेन्स जमिनीपासून दोन बोटांवर आणता येते आणि चिखलातील चाकोरीसुद्धा मोठ्या रस्त्यासारखी चित्रात शिरते. याउलट गच्चीवरून खाली पाहिल्यास जमिनीवरील प्रत्येक रेषा हवी तशी फिरवता येते, कारण खाली पाहणाऱ्या चौकटीत क्षितिजच नसते आणि कॅमेरा वाकडा आहे हे सांगणारी कोणतीही खूण उरत नाही. गल्लीत वाळत घातलेले पापड, सायकलींची रांग किंवा मंडपाचे वासे वरून घेतल्यास तिरकी मांडणी विनासायास मिळते.

चौथी पायरी: रेषा कुठून आत येते आणि कुठे थांबते

तिरकी रेषा सापडली की नवशिका तिला बरोबर कोपऱ्यातून कोपऱ्यात नेतो. त्यामुळे चौकटीचे दोन सारखे त्रिकोण होतात आणि नजर एका कोपऱ्यातून शिरून दुसऱ्या कोपऱ्यातून बाहेर पडते. यावर तज्ज्ञांची मते वेगवेगळी आहेत. मी स्वतः रेषा कोपऱ्यापासून थोडी बाजूला, तळाच्या किंवा बाजूच्या कडेतून आत घेतो. एडविन वेस्टहॉफ या डच छायाचित्रकाराने २००६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक कोपऱ्यातून ४५ अंशांची रेषा काढतात. ही रेषा लांबट चौकटीत समोरच्या कोपऱ्याला लागत नाही, आणि चित्रातील महत्त्वाचे तपशील या रेषांवर पडतात का, ते पाहिले जाते. छायाचित्र घेताना हे डोक्यात ठेवणे नवशिक्याला जड जाते, पण घरी आल्यावर चित्र कापताना ही कसोटी लावून पाहण्यास हरकत नाही.

प्रवेशापेक्षा शेवट महत्त्वाचा असतो. रेषा नजरेला कुठे नेते, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा. गोकाकचा धबधबा घ्या. घटप्रभा नदी तिथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते, आणि धबधब्याच्या वरच्या अंगाला नदीवर सुमारे २०० मीटर लांबीचा झुलता पूल आहे. माझ्या पहिल्या भेटीत मी पुलाच्या एका टोकाशी उभा राहून त्याच्या तारा आणि फळ्या घेतल्या. रेषा सुंदर आल्या, पण त्या थेट पांढऱ्या आभाळात जाऊन विरल्या. घरी सगळ्यांनी छान म्हटले आणि पुढचे चित्र उलटले. पुढच्या वेळी मी त्याच जागेजवळ एका बाजूला सरकून, समोरून छत्री घेतलेले कोणी येईपर्यंत थांबलो. वीस मिनिटांनी एक म्हातारबाबा काळी छत्री घेऊन आले, आणि तारांचा उतार त्यांच्यापर्यंत येऊन थांबला. रेषा तशाच होत्या, त्यांना आता मुक्काम मिळाला होता. पूल चालण्यासाठी खुला नसेल तर काठावरूनही हा उतार मिळतो. मात्र पावसाळ्यात काठाचा दगड शेवाळलेला असतो आणि तिथे चांगल्या कोनासाठी एक पाऊलही पुढे टाकू नये.

मुक्काम माणूसच असला पाहिजे असे नाही. झाड, देवळाचे शिखर, रस्त्याकडेचा दिवा, दार, काहीही चालते. तो चौकटीच्या मधोमध न ठेवता साधारण एक तृतीयांशावर ठेवला तर रेषेला धावायला जागा मिळते. रेषा कडेतून बाहेर जात असेल आणि तो कोपरा उजळ असेल, तर एखादी फांदी, खांब किंवा चालता माणूस तिथे अडसर म्हणून येईपर्यंत थांबावे.

पाचवी पायरी: चढती की उतरती

डावीकडे खाली सुरू होऊन उजवीकडे वर जाणारी रेषा चढती वाटते आणि डावीकडे वर सुरू होऊन उजवीकडे खाली येणारी उतरती वाटते, असे सर्वसाधारणपणे मानतात. याचा संबंध वाचनाच्या दिशेशी जोडला जातो. आपल्याकडील दुकानांच्या पाट्या कन्नडमध्ये असोत वा देवनागरीत, दोन्ही लिपी डावीकडून उजवीकडे वाचल्या जातात. उर्दू वाचत मोठ्या झालेल्या शेजाऱ्याला तीच रेषा उलटी भासते का, हे त्याला चित्र दाखवून विचारण्यासारखे आहे. गड चढणाऱ्यांचे चित्र चढत्या रेषेवर घेतले तर चढ जाणवतो. तेच लोक उतरत्या रेषेवर उजवीकडून डावीकडे चढताना घेतले तर चढण अधिक कष्टाची दिसते, आणि कधी कधी तेच हवे असते.

ही जाणीव तयार करण्यासाठी मोबाइलमध्ये चित्र आरशासारखे उलटून पाहण्याची सोय वापरावी आणि दोन्ही रूपे शेजारी ठेवावीत. उलटलेले चित्र कोणाला पाठवू मात्र नये. पाट्यांवरील अक्षरे उलटी होतातच, शिवाय बायकांचे पदर उजव्या खांद्यावर जातात, आणि आपल्याकडच्या आत्याबाई चित्रातील रचनेआधी पदर पाहतात.

सहावी पायरी: सावलीची रेषा

जिथे कोणतीही रेषा नाही तिथे सूर्य ती आखून देतो, पण त्यासाठी तो खाली असावा लागतो. सूर्य क्षितिजापासून वीस अंशांवर असताना उभ्या वस्तूची सावली तिच्या उंचीच्या सुमारे पावणेतीनपट लांब पडते. आपल्या भागात सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा साधारण दीड तास अशा लांब सावल्यांचा असतो. बेळगाव सुमारे १५.८५ उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्या पायातच मुरते. त्या दुपारी घरी बसावे. डिसेंबरात मात्र मध्यान्हीलाही सूर्य सुमारे ५१ अंशांपर्यंतच चढतो आणि सावली वस्तूच्या उंचीच्या चार पंचमांश राहते, म्हणून थंडीच्या दिवसांत हा अभ्यास दिवसभर करता येतो.

किल्ल्यातील कमल बसदी हे यासाठी फार चांगले ठिकाण आहे. १२०४ सालची, रट्ट राजवटीतील ही जैन बसदी काळ्या दगडाची आहे. तिच्या मंडपातील खांब चरकावर फिरवल्यासारखे गोल आणि गुळगुळीत आहेत, आणि छतावर ७२ पाकळ्यांचे दगडी कमळ आहे. बाजूने ऊन आत शिरते तेव्हा खांबांच्या सावल्या फरशीवर तिरक्या पडतात आणि उभ्या खांबांशी कोन करतात. इथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. काळा दगड आणि कडक ऊन एकाच चौकटीत आले की मोबाइल दगड उजळ करण्याच्या नादात उन्हाची रेषा पार पांढरी करतो. म्हणून उजळ भागावर बोट ठेवून प्रकाश थोडा कमी करावा आणि दगड काळाच राहू द्यावा. दुसरी गोष्ट अशी, की ते पूजास्थान आहे. आत छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे आणि दर्शनाला आलेल्यांच्या वाटेत तिवई (ट्रायपॉड) रोवू नये.

पावसाची रेषा हा याच पायरीचा पोटभाग. वाऱ्याबरोबर येणारा पाऊस तिरका पडतो हे सर्वांना माहीत असते, पण छायाचित्रात तो दिसत नाही, कारण शटर, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश आत सोडणारी झडप, फार जलद उघडमिट करते. शटरची गती सेकंदाच्या साठाव्या भागाच्या आसपास आणल्यास थेंबांच्या रेघा होतात. पाठीमागे गर्द झाडी किंवा उघड्या दाराचा अंधार असावा आणि प्रकाश शक्यतो पलीकडून यावा. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात यासाठी वाट पाहावी लागत नाही, फक्त कॅमेरा कोरडा ठेवावा लागतो.

सातवी पायरी: न काढलेली रेषा

तीन वस्तू एका तिरक्या ओळीत ठेवल्या की त्यांच्यामध्ये रेघ नसतानाही डोळा ती जोडतो. माणसाची नजर, पुढे केलेला हात, खांद्यावरचे खोरे, कमरेवर घागर घेतल्याने कललेले खांदे, यांतूनही तिरक्या रेषा तयार होतात. कुस्तीच्या मैदानात दोन मल्ल एकमेकांना भिडले की त्यांच्या पाठी दोन बाजूंनी टेकलेल्या वाशांसारख्या दिसतात. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतके ठेवून तो क्षण पकडावा. वैशाखातील शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत भगव्या ध्वजांच्या काठ्या सगळ्या एका बाजूला झुकलेल्या सापडतात. एखादी काठी उलट बाजूला झुकली असेल तर तीच चित्राचा विषय होते.

रोपलावणीचे चित्र घेताना एक अडचण नेहमी येते. ओळीने वाकलेल्या बायकांच्या पाठींची तिरकी रांग हेच त्या दृश्याचे बळ असते. आपण बांधावरून विचारतो, “मावशी, फोटो काढू काय?” आणि मावशी म्हणतात, “काढ की!” आणि सगळ्याजणी कंबर सरळ करून, पदर सावरून कॅमेऱ्याकडे तोंड करून उभ्या राहतात. रांग मोडते. विचारल्याशिवाय तर घेऊ नयेच. म्हणून आधी त्यांना हवे तसे उभे राहिलेले एक छायाचित्र मनापासून घ्यावे, ते त्यांना दाखवावे, आणि मग दहा मिनिटे बांधावर बसून राहावे. काम पुन्हा सुरू झाले की रांग आपोआप तयार होते आणि तोवर आपली उपस्थिती कोणाच्या लक्षातही राहत नाही. उभ्याने काढलेले चित्र नंतर आठवणीने पाठवावे.

आठवी पायरी: कॅमेरा कलवण्याविषयी

ही पायरी मी मुद्दाम इतकी मागे ठेवली आहे. कॅमेरा कलवून मिळणारी तिरकी रेषा सोपी असते आणि म्हणून लवकर शिळी होते. शिवाय आपली दृष्टी आडव्या आणि उभ्या रेषांबाबत फार काटेकोर असते, तर तिरक्या रेषांचे कोन ओळखण्यात ती त्या मानाने ढिली असते. स्टुअर्ट ॲपेल यांनी १९७२ मध्ये या गुणधर्माविषयीचे संशोधन एकत्र मांडले होते. त्यामुळे क्षितिज तीन-चार अंशांनी कलले की ती चूक म्हणून लगेच खुपते. कलवायचेच असेल तर वीस अंशांच्या पुढे जावे, म्हणजे ते जाणूनबुजून केले आहे हे कळते. अलेक्झांडर रॉडचेन्को (१८९१–१९५६) या रशियन छायाचित्रकाराने १९३० च्या सुमारास मूल कडेवर घेऊन पायऱ्या चढणाऱ्या स्त्रीचे जे छायाचित्र काढले, त्यात पायऱ्यांचे पट्टे साऱ्या चौकटीत तिरके पसरलेले आहेत आणि क्षितिज कुठेही नाही. क्षितिज, पाण्याची पातळी किंवा इमारतीचा कोपरा दिसत असताना कॅमेरा कलवला की पाहणारा रेषेऐवजी मान वाकडी करण्याचा विचार करतो. मी एकदा मिरवणुकीचे चित्र बारा अंशांनी कलवून एका स्थानिक नियतकालिकाला दिले होते; त्यांनी ते न विचारता सरळ करून छापले आणि त्यात ध्वजाचे टोक कापले गेले. राग आला, पण चित्र सरळ केल्यावर ते अधिक चांगले दिसत होते हेही मान्य करावे लागले.

मागावरचा सराव

वडगाव, शहापूर, खासबाग या भागांत मागांचा आवाज अजून ऐकू येतो, आणि तिरक्या रेषेच्या सरावासाठी मागासारखी शाळा नाही. ताण्याचे, म्हणजे कापडाच्या लांबीच्या दिशेचे, शेकडो धागे एकाच दिशेने ताणलेले असतात. समोरून ते नुसती पट्टी दिसतात, पण मागाच्या कोपऱ्याशी कॅमेरा धाग्यांच्या पातळीपर्यंत खाली आणल्यास ते पंख्यासारखे पसरतात आणि विणकराच्या हातांकडे धावतात. सर्वांत जवळच्या धाग्यांवर फोकस न ठेवता हातांवर ठेवावा. आत उजेड कमी असतो, म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १६०० पर्यंत वाढवण्यास संकोच करू नये. विजेच्या दिव्यांखाली चित्रात काळे पट्टे येत असतील तर शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवावे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि या गतींना ते लुकलुकणे जुळून जाते. यंत्रमाग चालू असताना अंगावरची ओढणी, कॅमेऱ्याचा पट्टा आणि बाह्या सावराव्यात, आणि मालकाबरोबर विणकरालाही विचारावे.

जिथे जाऊ नये

रेल्वेचे रूळ ही सर्वांना सुचणारी तिरकी रेषा आहे. रुळांवर उतरून छायाचित्र घेणे जिवावर बेतू शकते आणि रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार विनापरवाना प्रवेश हा गुन्हाही आहे. फलाटाची कडा आणि पादचारी पूल यांवरून, पिवळ्या पट्टीच्या आत राहून, तितक्याच चांगल्या रेषा मिळतात. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आणि मोठी छावणी आहे. किल्ला आणि कॅम्प परिसरात जिथे छायाचित्रणास मनाई असल्याची पाटी आहे, तिथे कॅमेरा पिशवीतच ठेवावा. निपाणीजवळच्या तवंदी घाटात राष्ट्रीय महामार्ग ४८ ची वळणे संध्याकाळी वाहनांच्या दिव्यांनी उजळतात आणि तिवईवर दहा-पंधरा सेकंदांचे छायाचित्र घेतल्यास प्रकाशाच्या रेघा मिळतात; पण त्यासाठी रस्त्याच्या कडेला उभे न राहता रस्त्यापासून दूर, उंचावरची सुरक्षित जागा दिवसाउजेडीच पाहून ठेवावी.

पहिल्या महिन्याचा अभ्यास

एकच रेषा निवडावी, घराजवळची, आणि चार रविवार तिच्याकडेच जावे. पहिल्या रविवारी फक्त जागा बदलून वीस छायाचित्रे घ्यावीत, दुसऱ्या रविवारी फक्त उंची बदलून. तिसऱ्या रविवारी सकाळी लवकर जाऊन सावलीसह काम करावे. चौथ्या रविवारी एका जागी तासभर उभे राहून रेषेच्या शेवटाशी कोणी येण्याची वाट पाहावी. हा तास कंटाळवाणा असतो आणि बहुतेकजण तो टाळतात. महिनाअखेर सगळी छायाचित्रे कृष्णधवल करावीत, म्हणजे रंगांमुळे झालेली दिशाभूल जाते, आणि त्यांतील दहा निवडून मोबाइल उलटा धरून पाहावीत. वरचे खाली झाले की कठडा, पाणी, माणूस यांची ओळख क्षणभर सुटते आणि रेषा तेवढ्या उरतात. अशा उलट्या चित्रातही नजर आपण ठरवलेल्या जागीच जाऊन थांबत असेल तर ते चित्र ठेवावे. ती भलतीकडे जात असेल तर पाचव्या रविवारी त्याच कठड्याशी परत जावे आणि यावेळी दोन पावले डावीकडून सुरुवात करावी.